हवालदार प्यालं का?

"पान्याला वंगाळ म्हनू नगा, भाऊसाहेब."

ग्लासातलं पाणी जरा गढूळ दिसलं आणि ते खिडकीबाहेर टाकायला मी हात उचलला, की हवालदारांचा हात मधे यायचा. ग्लास माझ्याकडून काढून घ्यायचे, एका दमात रिकामा करायचे, पंजानं मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "गोड हाय." मग माझ्याकडे असं बघायचे, की जणू मी घरच्या लक्ष्मीला लाथ मारायला निघालो होतो.

फौजेतून पेन्शनीत आलेला आणि मग एखाद्या कंपनीत चिकटलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. सायकलला तेल, बुटांना पॉलिश, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. आमचे हवालदार तसेच. त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी त्यांनी ओ दिली असती असं वाटत नाही.

आमची कंपनी सांगलीपासून थोडी लांब, एका ओढ्याच्या काठाला होती. साखर कारखान्यांची मळी आणायची आणि तिचं स्पिरिट करायचं, हा धंदा. मी विश्रामबागेतून एस्टीनं यायचो, कल्याण विभागात कारकुनी करायचो आणि संध्याकाळी घरी गेलो की बायको दारातच शर्ट काढायला लावायची. त्या वासाला आंबलेल्या काकवीचा वास म्हणावं, तर काकवीचा अपमान होईल. मळीचं उरलेलं पाणी आम्ही बिनदिक्कत ओढ्यात सोडत होतो. ओढा काळा पडला, मासे पोट वर करून तरंगले, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या वाडीचा जुना आडही हळूहळू नासला. वाडीतली माणसं फाटकाशी येऊन ओरडायची, आणि आमचा वॉचमन आतून कडी लावायचा.

पुढे सरकारनं पाण्याबद्दलचा कायदा केला. आमच्या मालकांना एकाएकी झाडं आवडू लागली. 'पर्यावरण' हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा टाइप केला. ओढ्यात जाणारं पाणी अडवायला मोठी तळी खोदली, बांधावर निलगिरी लावली, शाळेला पत्रे दिले, आणि वाडीसाठी नवी विहीर, पंप, टाकी आणि नळकोंडाळं मंजूर झालं. या सगळ्यावर देखरेख करायला माणूस हवा होता. हवालदार तेव्हा गेटवर होते. त्यांना बोलावून घेतलं आणि कल्याण विभागात माझ्या शेजारी एक स्टूल टाकून दिलं. टेबल काही दिलं नाही.

हवालदारांनी स्टुलाची तक्रार केली नाही, कारण ते स्टुलावर कधी बसलेच नाहीत. सकाळपासून हातात बादली. साहेबांच्या मीटिंगा संपल्या की आत शिरायचे आणि अर्धे राहिलेले सगळे ग्लास त्या बादलीत ओतून घ्यायचे. एकदा आमच्या मॅनेजरांनी विचारलं, "हवालदार, हा काय प्रकार आहे?"

"सायेब, तुमी अर्धा गिलास ठिवता. फाटकावरला कडुलिंब पुरा पितोय."

मॅनेजर हसले. पण त्या दिवसापासून निदान हवालदारांच्या समोर तरी ते ग्लास संपवू लागले. त्या कडुलिंबाची गोष्ट सांगायची तर कंपनीनं समारंभानं लावलेली निम्मी झाडं वाळली, आणि हा, ग्लासांतलं उष्टं पाणी पिऊन, दोन पावसाळ्यांत फाटकाच्या वर गेला.

ते पाण्याला इतकं का जपायचे, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. हवालदार माणदेशातले, दहिवडीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. तिथं नदीला नाव आहे, पाणी नाही. लहानपणी वाळू उकरायची, खड्ड्यात झिरपलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायचं, आणि त्यात बेडकी निघाली तर ती बाजूला ठेवायची. पाणी टाकायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ते रजेवर घरी गेले होते. टँकरभोवतीच्या झोंबाझोंबीत एका बाईची घागर फुटली. तिनं सांडलेल्या पाण्यावर लुगड्याचा पदर टाकला आणि भांड्यात पिळून घेतला. हवालदार हे सांगताना एकदम थांबले आणि म्हणाले, "ती आमची मंडळी व्हती, भाऊसाहेब." त्यानंतर मी त्यांच्यासमोर ग्लास कधी खिडकीशी नेला नाही.

त्याच वर्षी त्यांनी एकुलती लेक हौसा इकडं ओढ्याखालच्या वाडीत दिली. स्थळ बघायला गेले तेव्हा नवऱ्या मुलाचं शिक्षण विचारलं नाही, जमीन विचारली नाही. परसातून जाऊन आडात डोकावून आले आणि बैठकीत येऊन "पसंत हाय" म्हणाले. पाव्हणे चाट पडले. आमच्याकडं माणदेशातले बाप हीच एक गोष्ट बघतात. लेक कुठंही द्या, पण पाण्याच्या गावात द्या. पलटणीतून पेन्शनीत आल्यावर त्यांनी आमच्या कंपनीची नोकरी धरली, तीही लेकीच्या वाडीजवळ राहता येईल म्हणून. आणि ते आले तेव्हा वाडीचा आड काळा पडायला लागला होता. ज्या पाण्याकडं बघून लेक दिली ते पाणी त्यांच्याच नोकरीनं नासवलं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण नव्या विहिरीचं काम निघालं तेव्हा कुदळ मारणाऱ्या माणसांच्या डोक्यावर ते दिवसभर उन्हात उभे राहिले. खडक फुटून पहिलं पाणी लागलं, तेव्हा बुटांसकट खाली उतरले आणि ओंजळ भरून प्याले. निव्वळ चिखल होता तो.

"गोड हाय," खालून आवाज आला.

विहिरीची जागा मात्र त्यांनी निवडली नव्हती. कंपनीची एक पडीक पट्टी होती, फुकटची, वाडी आणि तळी यांच्या मधोमध. इंजिनिअर म्हणाला, चालेल.

टाकीच्या उद्घाटनाला मांडव, हार, भाषणं सगळं झालं. मॅनेजरांनी चावी फिरवली. नळाला धार लागली आणि टाळ्या पडल्या. बायका घागरी घेऊन पुढं सरकणार, तेवढ्यात हवालदारांनी हात आडवा केला. पितळी पेला भरून मॅनेजरांपुढं धरला.

"लंगरातलं जेवान आधी सायेब चाखतो, मंग जवान. पल्टनीचा कायदाच हाय."

मॅनेजरांनी घसा बसल्याचं सांगितलं. बायकांमध्ये कुजबुज झाली. ज्या कंपनीनं ओढा नासवला, तिचं पाणी साहेबच पीत नाही, हे त्यांना दिसलंच. हवालदारांनी क्षणभर पेल्याकडं पाहिलं आणि तो स्वतःच रिकामा केला. मिशा पुसल्या. "गोड हाय. भरा."

त्या दिवसापासून वाडीत रीतच पडली. सकाळी पंप सुरू झाला की पहिला पेला हवालदारांचा. ते यायच्या आत घागर कुणी नळाखाली धरत नसे. उशिरा आलेली बाई लांबूनच विचारायची, "हवालदार प्यालं का?" आणि पुढच्या बाईनं मान हलवली की पावलं उचलायची. आमच्या प्रयोगशाळेत स्पिरिट तपासायची यंत्रं होती. पाणी तपासायला वाडीनं एक माणूस नेमला होता. आणि गंमत बघा, नेमायचा म्हणून नेमला तो माणदेशातला. ज्याच्या तोंडाला आयुष्यात कुठलं पाणी वाईट लागलंच नव्हतं, तोच आमचा पारखी. मी हे त्यांना थट्टेनं म्हणालोही होतो. ते हसले होते. मीही हसलो होतो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

त्यांच्या घरी जायचा योग मला तेव्हा वरचेवर यायचा. मंडळी गावाकडं, राहायला कंपनीची खोली; घर म्हणजे हौसाचं. दारात पाऊल पडलं की ती पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर यायची. मोठ्या तोंडाची, हसरी पोर. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, तो आज्याच्या मिशांना लोंबकळायचा. हवालदार तांब्या वर धरून धार तोंडात सोडायचे, शेवटचे दोन थेंब नातवाच्या टाळूवर शिंपडायचे आणि लेकीला विचारायचे, "किती लांबनं आनलंस?"

"ह्ये काय, दारातनं," ती म्हणायची. हा प्रश्न आणि हे उत्तर दर खेपेला. बापाला तेवढं ऐकायचं असायचं.

दुसऱ्या वर्षी पाऊस धोधो पडला. तळी काठोकाठ भरली. तळ्यांना खाली फरशी नव्हती, नुसती माती होती, आणि आमच्या कामगार वसाहतीतल्या संडासांचं पाणीही कंपनीनं काटकसर म्हणून त्याच तळ्यांत सोडलं होतं. पावसाच्या झडीत एका सकाळी नळाला चहासारखं पाणी आलं. मी त्या दिवशी रेनकोट वाटायला वाडीत गेलो होतो, म्हणून समोर होतो.

बायका घागरी खाली ठेवून उभ्या होत्या. हौसा सगळ्यांच्या पुढं होती. म्हणाली, "आबा, वास येतोय ओ."

हवालदारांनी पेला भरला. प्याले. नेहमीसारख्या मिशा पुसल्या.

"पावसाचं पानी हाय. जरा गढूळ असनारच."

"तसं न्हाई, आबा. संडासावानी वास हाय."

आणि मग हवालदार चिडले. मी त्यांना चिडलेलं त्या आधी पाहिलं नव्हतं. "तुला पान्याची मस्ती आलीया! दारात नळ आला म्हनून नाक वर झालं व्हय? तुज्या आयनं पदर पिळून तुला पाजलंय. पान्याला वंगाळ म्हनती! भर ती घागर."

हौसानं खाली मान घालून घागर नळाखाली धरली. तिच्यामागून बाकीच्यांनी धरल्या. बापानं चारचौघांत रागावल्यावर ती काय करणार? आणि हवालदार प्याले होते, म्हटल्यावर वाडीनं तरी काय विचारायचं?

जुलाब-वांत्या चौथ्या दिवशी सुरू झाल्या. आधी म्हातारी माणसं गेली. सांगलीहून डॉक्टर आला, शाळेत खाटा टाकल्या, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या. कंपनीनं गोळ्या वाटल्या, बिस्किटं वाटली, आपली जीप दिली. मॅनेजर म्हणाले, पावसाळ्यात खेडेगावांतून हे होतंच. हवालदार स्वतः तेच पाणी प्याले होते, पण त्यांना काही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, असं ते मला एकदा म्हणाले. ते शाळेत फिरत होते, बादल्या उचलत होते, घाण धूत होते, आणि फिरून फिरून नातवाच्या खाटेजवळ येत होते. पोरगं सारखं पाणी मागत होतं. द्यायचं की नाही, हे विचारायला ते डॉक्टरच्या मागं पळायचे. सलाईनची सुई लावायला त्याची शीर सापडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेलं.

सुतक फिटल्यावर हवालदार लेकीच्या घरी निघाले. मला म्हणाले, "तुमी चला संगती." एकट्यानं जायची त्यांना भीती वाटत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आम्ही ओसरीवर बसलो. जावई कोपऱ्यात बसून होता, तो उठला नाही. हौसा आतल्या दाराशी उभी होती. चेहरा पार वाळून गेला होता. शेवटी तिची सासू रिवाज म्हणून आत गेली आणि तांब्या घेऊन आली. हौसानं तो तिच्या हातातून मधेच काढून घेतला.

"आबास्नी पानी देऊ नगासा, आत्या. त्यास्नी कसलंबी चालतंय."

तांब्या घेऊन ती आत गेली. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मोरीत ओतलं असावं. हवालदार तसेच बसून राहिले. मग टोपी उचलली आणि उठले.

दारात आलेल्या वैऱ्यालाही आमच्याकडं पाणी विचारतात. त्या पोरीनं बापाला विचारलं नाही. मी तेव्हा तिच्यावर रागावलो होतो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तिच्याजवळ बापाला मारायला दुसरं काय होतं?

वाडीनं तक्रार केली आणि सरकारी साहेब पाहणीला येणार असं ठरलं. कंपनीत एकच धावपळ उडाली. टाकीला चुना फासला. आदल्या दिवशी टाकी धुऊन तिच्यात सांगलीहून टँकरनं आणलेलं पाणी भरलं. हवालदारांना मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा दिला. फौजेचे बिल्ले लावून या, म्हणाले. साहेबासमोर टाकीचं पाणी प्यायचं आणि नेहमीचं वाक्य म्हणायचं. बाकी कंपनी बघून घेईल. वाडी तुमचं ऐकते.

हवालदार बिल्ले लावून आले. मांडवात साहेब, आमचे मॅनेजर, आणि पलीकडं सगळी वाडी. हौसा बायकांत मागं उभी होती, पदर तोंडावर ओढून. शिपायानं तबकातून पेला आणला. हवालदारांनी पेल्याकडं पाहिलं आणि तो तसाच तबकात ठेवून ते मांडवाबाहेर निघाले. विहिरीवर गेले, पोहरा सोडला, भरून वर ओढला आणि दोन्ही हातांनी धरून मांडवात आणून साहेबांपुढं ठेवला.

मॅनेजर म्हणाले, "हवालदार, टाकीतलं पाणी..."

"टाकीतलं पानी आज सांगलीस्न आलंय, सायेब. उद्या न्हाई यायचं."

त्यांनी ओंजळ पोहऱ्यात बुडवली. एक घोट तोंडात घेतला. गाल फुगलेले तसेच राहिले, डोळे मिटले. आणि मग ते वळून मातीत थुंकले.

माणदेशातला माणूस पाणी थुंकताना मी त्या आधी पाहिला नव्हता.

"वंगाळ हाय," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला. मागं बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. ती हौसा नव्हती. हौसा तोवर घराकडं निघाली होती.

हवालदारांना कुणी रागावलं नाही. वय झालं, आता विश्रांती घ्या, असं गोड शब्दांत सांगून त्यांना हार घालून निरोप दिला. ते माणदेशात परत गेले. त्यानंतर कंपनीनं काम केलं, हे मी नाकारणार नाही. तळ्यांना फरशी बसली, वसाहतीचं घाण पाणी वेगळं काढलं, ती विहीर बुजवली आणि ओढा नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाहून नदीचं स्वच्छ पाणी गाळून नळानं वाडीत आणलं. कंपनीच्या अहवालात त्याचा फोटो छापला. खालचा मजकूर मीच लिहिला. त्यात हवालदारांचं नाव घालायला जागा नव्हती, असं मला सांगण्यात आलं. नवीन नळाला पाणी आलं त्या सकाळी बायका घागरी घेऊन नळासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. कशाची वाट बघतोय, हे त्यांचं त्यांनाच थोड्या वेळानं कळलं, आणि मग एकेक पुढं झाली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावचा एक माणूस ऑफिसात निरोप घेऊन आला. हवालदार शेवटच्या घटका मोजताहेत, लेकीला कळवा. लेकीच्या दारात जायचा त्या माणसाला धीर झाला नव्हता. मी वाडीत गेलो. हौसा कपडे वाळत घालत होती. मी सांगितलं ते तिनं ऐकलं, पिळा तसाच दोरीवर टाकला आणि आत गेली. मला वाटलं, ही येत नाही. थोड्या वेळानं बाहेर आली ती तांब्या घेऊन. नळावर थांबून तिनं तो भरून घेतला. मग तांब्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं.

विट्यावरून दहिवडीला जाणारी एस्टी खचाखच भरलेली होती. हौसानं तांब्या मांडीवर दोन्ही हातांत धरला होता. रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक धक्क्याला ती तांब्या वर उचलून धरायची. कंडक्टर म्हणाला, "बाई, काय तूप हाय का त्यात?" तिनं फडक्याची गाठ आणखी आवळली. बाहेर माणदेश सुरू झाला होता. उघडे माळ, मेंढरं, आणि रिकाम्या हंड्यांची रांग लावून बसलेल्या बायका.

हवालदार खाटेवर होते. फार बारीक झाले होते. मिशा तेवढ्या तशाच होत्या. त्यांची बायको म्हणाली, दोन दिवस झाले, पाण्याचा थेंब घेत नाहीत. पेला पुढं केला की तोंड फिरवतात. गावात टँकरचं पाणी होतं, आणि ते आणायला ती म्हातारी पहाटेपासून रांगेत उभी राहिली होती.

हौसा उशाशी बसली. तांब्याचं फडकं सोडलं. हवालदारांनी डोळे उघडले, लेकीला बघितलं, तांब्याला बघितलं, आणि मान भिंतीकडं वळवली.

तेव्हा हौसानं तांब्या स्वतःच्या तोंडाला लावला. एक मोठा घोट घेतला, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असा गिळला, आणि पदरानं ओठ पुसले.

"गोड हाय, आबा," ती म्हणाली. "मी प्यालेय."

हवालदारांनी मान हळूहळू इकडं वळवली आणि तोंड उघडलं. तिनं हातानं त्यांचं डोकं उचलून धरलं आणि बारीक धार सोडली. थोडं आत गेलं असेल. बरंच मिशांत उतरलं. त्यांनी ते पुसायला पंजा उचलला, पण तो तिथवर पोचला नाही. हौसानं पदरानं त्यांच्या मिशा पुसल्या, आणि हात बाजूला घेतला तेव्हा ते गेले होते.